व्हिटॅमिन डी कमी आहे, म्हणून अंग दुखतं का?

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला व्हिटॅमिन डी असतंच. रिपोर्ट येतो. आकडा १४ किंवा १९ असतो, शेजारी ठळक अक्षरांत 'लो' छापलेलं असतं आणि रिपोर्ट हातात धरलेल्या माणसाची कंबर गेले सहा महिने दुखत असते. या दोन गोष्टी मनात लगेच जोडल्या जातात. मग दर रविवारी ६०,००० युनिट डीच्या पावडरीचं एक पाकीट दुधात ढवळून प्यायचं, असे आठ रविवार जातात. पुढच्या रिपोर्टात आकडा ४०च्या वर गेलेला असतो. कंबर मात्र काहींचीच थांबते, बाकीच्यांची दुखतच राहते.

यावर दोन मतं सारखी कानावर येतात. एक म्हणजे सगळ्या जुनाट दुखण्यांचं मूळ डीच्या कमतरतेत आहे. दुसरं म्हणजे हे सगळं लॅबवाल्यांनी आणि औषध कंपन्यांनी वाढवलेलं खूळ आहे. मला दोन्ही मतं धोक्याची वाटतात. काही लोकांचं दुखणं खरोखरच डीच्या कमतरतेमुळे असतं आणि ते उपचारांनी पूर्ण बरं होतं, पण त्यांना वर्षानुवर्षं 'वय झालं', 'वात आहे' एवढंच ऐकवलं जातं. त्यात बायका जास्त असतात. दुसरीकडे, ज्यांच्या दुखण्याचं कारण वेगळंच आहे त्यांचा शोध पाकिटावर येऊन थांबतो. आपण यातल्या कुठल्या गटात आहोत, हे निव्वळ आकड्यावरून कळत नाही.

डी शरीरात करतं काय?

नाव व्हिटॅमिन असलं तरी त्याचं काम हार्मोनसारखं चालतं. उन्हातले अतिनील-बी किरण उघड्या त्वचेवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलच्या जातीच्या एका पदार्थापासून डी३ बनतं. यकृत त्याचं साठवणीचं रूप तयार करतं आणि मूत्रपिंडं त्याला कामाचं रूप देतात. रक्ततपासणीत मोजतात ते यकृतातून आलेलं साठवणीचं रूप. ते रक्तात काही आठवडे टिकतं, म्हणून त्यावरून साठ्याचा अंदाज येतो.

त्याचं मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस शोषून घेणं. डी पुरेसं असेल तर जेवणातलं साधारण ३० ते ४० टक्के कॅल्शियम अंगी लागतं. ते नसेल तर हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर येतं. स्नायू, प्रतिकारशक्ती आणि मज्जातंतू यांच्या पेशींवरही डीचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे डी येऊन चिकटण्याच्या जागा सापडतात. डी आणि वेदना यांचा संबंध असावा, या कल्पनेला तिथूनच बळ मिळालं. पण पेशीवर ग्राहक आहे एवढ्यावरून गोळी घेतल्यावर दुखणं थांबेल असं ठरत नाही. मधल्या सगळ्या पायऱ्या माणसांवर तपासून बघाव्या लागतात.

हाड मऊ पडतं तेव्हा

या विषयातला सगळ्यात पक्का भाग हा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हाडाची रचना घराच्या स्लॅबसारखी समजा. कोलॅजन या प्रथिनाचं जाळं म्हणजे सळया आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे क्षार म्हणजे काँक्रीट. जुनं हाड काढून नवं बांधण्याचं काम शरीरात आयुष्यभर चालू असतं. डी फारच कमी असेल आणि तसं बराच काळ राहिलं, तर सळया बांधल्या जातात पण त्यात काँक्रीट पुरेसं पडत नाही. हाड मऊ राहतं. वाढीच्या वयात हे झालं की त्याला मुडदूस म्हणतात. मोठ्या माणसांत होतं त्याचं नाव ऑस्टिओमलेशिया, म्हणजे अस्थिमृदुता. ऑस्टिओपोरोसिस हा आजार वेगळा. त्यात स्लॅब नीट भरलेला असतो पण पातळ आणि विरळ झालेला असतो. हाड मोडेपर्यंत तो सहसा दुखतही नाही. अस्थिमृदुतेत हाड मोडलेलं नसतानाही दुखतं.

असं का दुखतं? हाडावर एक पातळ आवरण असतं आणि त्यात वेदना जाणवून देणाऱ्या तंतूंची दाटी असते. न भरलेला मऊ भाग पाणी धरतो, फुगतो आणि आवरणाला आतून ताणतो, असं मानलं जातं. शिवाय मऊ हाडाला बारीक चिरा पडतात. त्यातल्या काही एक्स-रेवर दिसतात.

हे दुखणं एका सांध्यात बसत नाही. कंबर, कुल्ले, मांड्या, बरगड्या, नडग्या अशा ठिकाणी खोलवर, कुरतडल्यासारखं दुखतं आणि वजन पडलं की वाढतं. जोडीला मांड्यांची आणि खांद्यांची ताकद जाते. जमिनीवर मांडी घालून बसलेली बाई उठताना आधी बाजूला हात टेकते, मग गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला वर ढकलते. जिना चढताना कठड्याला ओढून घेते. चाल बदकासारखी डुलणारी होते. नडगीच्या पुढच्या सपाट हाडावर किंवा छातीच्या मधल्या हाडावर डॉक्टरांनी अंगठ्याने जरा दाब दिला तरी कळ येते. निरोगी हाडावर तेवढ्या दाबाने काही वाटतही नाही. या तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि ती केल्याशिवाय कुणाही बाईला 'संधिवात' म्हणून घरी पाठवू नये असं मला मनापासून वाटतं.

अशा वेळी रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडांच्या बांधणीशी संबंधित एन्झाइम वाढलेलं सापडतं आणि कॅल्शियम किंवा फॉस्फरस खाली गेलेलं असतं. डीचा आकडा सहसा १०च्याही खाली असतो. या लोकांना डी आणि कॅल्शियम नीट दिलं की काही आठवड्यांत ताकद परत यायला लागते आणि काही महिन्यांत दुखणं ओसरतं. ज्यांना धरून उठवावं लागत होतं त्या बायका स्वतःहून उठून कामाला लागतात.

या आजाराच्या इतिहासात आपलं नाशिकही आहे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हचिसन नावाच्या डॉक्टरने आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर नाशिकमध्ये मुडदुसाचा अभ्यास केला. खाऊन-पिऊन सुखी पण पडद्यात राहणाऱ्या घरांमधल्या मुलींमध्ये आणि बायकांमध्ये हाडं मऊ पडलेली दिसली. निकस अन्नावर राहणारी पण उघड्यावर राबणारी गरीब माणसं त्यातून सुटलेली होती. ऊन आणि हाडं यांचा संबंध जगात नुकता कुठे उलगडत होता, त्या काळातली ही गोष्ट.

आजही पुरेसं ऊन न मिळणाऱ्या बायकांना हा धोका आहे. एकामागोमाग बाळंतपणं आणि अंगावर पाजणं झालेल्या, आहारात दूधदुभतं नसलेल्या बायकांना तो अधिक आहे. भाकरी-पोळीतल्या फायटेट नावाच्या घटकामुळे कॅल्शियमचं शोषण कमी होतं, आणि कॅल्शियम कमी पडलं की शरीर डीही जास्त खर्चून टाकतं. फिट्सची काही औषधं वर्षानुवर्षं घेणारे, मूत्रपिंडाचे किंवा आतड्याच्या शोषणाचे आजार असलेले आणि वजन घटवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेले लोकही याच यादीत येतात.

माझा आकडा १८ आहे, मग माझी हाडं मऊ झाली का?

बहुधा नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये अपघाताने किंवा अन्य कारणाने मृत्यू पावलेल्या ६७५ जणांच्या हाडांचे नमुने तपासले गेले आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचं डी ३०च्या वर होतं त्यांच्यापैकी एकाच्याही हाडात हा दोष नव्हता. पण डी खूप कमी असलेल्यांमध्येही बऱ्याच जणांची हाडं ठीकठाक होती. म्हणजे आकडा खाली असल्याने धोका वाढतो, आजार झालाच असं सिद्ध होत नाही.

'लो' कुठून सुरू होतं यावरही तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११मध्ये बहुतेक लोकांना रक्ताच्या मिलीलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरतात असं सांगितलं. त्याच वर्षी तिथल्याच एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने ३०ची रेघ आखली. आपल्याकडच्या बहुतेक लॅब ही ३०ची रेघ छापतात, त्यामुळे २४ आकडा आला तरी माणूस रिपोर्ट वाचून घाबरतो. २०२४मध्ये एंडोक्राइन सोसायटीने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ३०चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट डी तपासणी करू नये असा सल्ला दिला. ही बातमी आपल्याकडे जेवढी पोचायला हवी होती तेवढी पोचली नाही. पॅकेजमध्ये तपासणी अजून आहेच.

परदेशी रिपोर्ट वाचताना एक लक्षात ठेवा. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात हेच मोजमाप नॅनोमोलमध्ये देतात. तिथले ५० म्हणजे आपले २०.

दुखणाऱ्यांमध्ये डी कमीच सापडतं, मग संबंध नाही कसा?

या प्रश्नामागे एक गाजलेला अभ्यास आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधल्या एका दवाखान्यात नेमकं निदान न होणाऱ्या जुनाट अंगदुखीच्या १५० रुग्णांची तपासणी झाली आणि ९३ टक्के लोकांमध्ये डी कमी निघालं; हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. ही टक्केवारी जगभर फिरली. पण त्याच गावातल्या, त्याच काळातल्या, न दुखणाऱ्या लोकांचं डी किती होतं, हे त्या अभ्यासात नव्हतं. भारतात तर हा मुद्दा आणखी टोकदार होतो. इथे शहरांतल्या अनेक पाहण्यांमध्ये निम्म्याहून अधिक लोक २०च्या खाली सापडतात. कंबरदुखीच्या शंभर लोकांची तपासणी केली तर बहुतेकांचं डी कमी निघेल. शंभर ठणठणीत लोकांची केली तरी तसंच निघेल.

नंतरच्या मोठ्या पाहण्यांमध्ये तुलनेचे गटही होते आणि दुखणाऱ्यांमध्ये डी काहीसं कमी दिसलं, हे खरं. पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला? ज्याचे गुडघे दुखतात तो घराबाहेर कमी पडतो, त्याला ऊन कमी मिळतं आणि त्याचं वजन वाढतं. वजन जास्त असेल तर रक्तातलं डीही खालीच राहतं. शिवाय शरीरात दाह असला की हा आकडा आपोआप घसरतो. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत रुग्णांच्या रक्तातलं डी ठळकपणे खाली गेलेलं मोजलं गेलं आहे. दोन दिवसांत काही त्यांचं ऊन बंद झालं नव्हतं.

मग देऊन बघितलं तर?

याचं उत्तर शोधण्याचा प्रामाणिक मार्ग एकच. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला डी द्यायचं, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यायची, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळू द्यायचं नाही.

असे बरेच प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या 'व्हायटल' प्रयोगात २५,८७१ लोक होते आणि रोजचा डोस २,००० युनिटचा होता. त्यांतल्या गुडघेदुखी असलेल्या १,३९८ जणांचं दुखणं पाच वर्षांच्या आसपास पाहिलं गेलं. दोन्ही गटांत फरक पडला नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन औषधं घेणाऱ्यांना होणारी स्नायूदुखीही याच प्रयोगात तपासली गेली. ती डी घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सारखीच निघाली, साधारण ३१ टक्के. ऑस्ट्रेलियातल्या 'डी-हेल्थ' प्रयोगात २१,३१५ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना महिन्याला ६०,००० युनिटचा डोस दिला, म्हणजे आपल्या पाकिटाएवढाच. तिथेही अंगदुखीवर परिणाम दिसला नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१५पर्यंतचे १० प्रयोग आणि त्यांतले ८११ रुग्ण एकत्र तपासले, तेव्हाही जुनाट दुखण्यावर डीचा सातत्याने उपयोग होतो असं म्हणता आलं नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. व्हायटल आणि डी-हेल्थमधल्या बहुतेकांना कमतरता नव्हतीच, मग फायदा दिसणार कसा? मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच या दोन प्रयोगांवरून शेवटचा निकाल देता येत नाही. पण टास्मानिया आणि मेलबर्नमध्ये गुडघ्याच्या सांधेझीजेच्या ४१३ रुग्णांचा प्रयोग झाला, तो मुद्दाम डी कमी असलेल्यांवरच. दोन वर्षं डी देऊनही गुडघ्यातल्या कुर्चेत (कार्टिलेजमध्ये) आणि दुखण्यात खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही. याउलट व्हिएन्नात फायब्रोमायल्जिया, म्हणजे सर्वांगदुखीचा एक चिवट आजार असलेल्या ३० बायकांवर प्रयोग झाला, त्यात डी घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं. ३० हा आकडा फार लहान आहे. मोठ्या प्रयोगात तेच दिसलं तर मला आनंद होईल, पण तोवर त्या भरवशावर कुणाला आश्वासन देऊ नये.

'मला तर फरक पडला'

पडला असेलच. तुमची हाडं किंवा स्नायू खरोखर डीअभावी कमकुवत झाले असतील तर पडायलाच हवा. पण जुनाट दुखणं, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं, कमी-जास्त होत राहतं आणि आपण डॉक्टरकडे जातो ते सहसा ते सगळ्यात वाढलेलं असताना. त्यानंतर उतार यायचाच असतो. वरच्या प्रयोगांमध्ये औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही अनेकांचं दुखणं कमी झालं होतं. त्यांचा आराम खोटा नव्हता, फक्त तो डीमुळे आलेला नव्हता.

एवढं ऊन असून कमतरता कशी?

पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे वर्षभर पुरेसे अतिनील-बी किरण मिळू शकतात. पण आपण उन्हात असतो कुठे? दिल्लीतल्या एम्सच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांचं डी चांगलं होतं. रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सचं मात्र फारच कमी होतं.

यात सकाळच्या कोवळ्या उन्हाचा एक मोठा गैरसमज आहे. सूर्य तिरपा असतो तेव्हा अतिनील-बी किरण वातावरणातच अडतात. सात वाजता बागेत चकरा मारून हृदयाचं, मनाचं भलं होतं, डी फारसं बनत नाही. ते बनतं आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा, म्हणजे साधारण दहा-अकरा ते तीनच्या दरम्यान. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन यासाठी कामाचं नाही. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. पाठ, दंड, पोटऱ्या उघड्या ठेवून भर दुपारी बसणं आपल्याकडे पुरुषांनाही जमत नाही, बायकांना तर चाळीत किंवा फ्लॅटमध्ये तशी जागाच नसते. त्यामुळे नुसता 'उन्हात बसा' हा सल्ला अपुरा आहे.

जेवणातून मिळणारं डी थोडं असतं. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आणि अंड्याचा पिवळा बलक यांत ते असतं. दुधाच्या पिशवीवर किंवा तेलाच्या पुड्यावर '+एफ' चिन्ह असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं आहे असं समजा. लंडन-लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा स्पष्ट सल्ला आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट डी घेण्याचा विचार करावा. १९६०च्या दशकात ग्लासगोत स्थायिक झालेल्या आपल्या उपखंडातल्या कुटुंबांत मुडदूस आणि अस्थिमृदुता सापडली होती, तिथपासून हा प्रश्न त्यांना ठाऊक आहे.

घेऊन ठेवलं तर बिघडलं कुठे?

रोजची छोटी मात्रा घेतली तर बहुधा कुठेच नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज ६०० युनिट पुरतात आणि वरची मर्यादा ४,००० युनिटची आहे. बिघडतं ते ६०,०००च्या पाकिटाने. ते आठवड्याला एकदा घ्यायचं असतं, तेही ठरावीक आठवडेच. चिठ्ठीवरचं अक्षर नीट न लागल्याने ते रोज घेतलं जातं, किंवा 'ताकदीचं आहे' म्हणून वर्षभर चालू ठेवलं जातं. वर दोन डॉक्टरांकडून दोन इंजेक्शनं होतात. मग रक्तात कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळलेपण असं सुरू होतं आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. उन्हामुळे असं होत नाही, कारण जास्तीचं डी त्वचेतच निरुपयोगी पदार्थांमध्ये बदलून टाकलं जातं. तोंडावाटे घेतलेल्या डोसाला अशी सोय नाही.

वर्षाचा कोटा एकदम देण्याचा प्रयोगही झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले. २०१०मध्ये निकाल आला तेव्हा डी घेणाऱ्या बायका जास्त वेळा पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती.

दुखत असेल तर डॉक्टरांना काय सांगायचं?

आकड्याच्या आधी दुखणं सांगा. कुठे दुखतं, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात का, जिना जड जातो का, नडगी दाबली तर कळ येते का, कुठली औषधं बरीच वर्षं चालू आहेत, घराबाहेर किती वेळ असता. याची उत्तरं अस्थिमृदुतेकडे बोट दाखवत असतील तर नुसतं डी न मोजता कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेजही करून घ्या. डी फार कमी असेल तर दुखणं असो वा नसो, ते हाडांसाठी भरून काढायचंच. आहारातलं कॅल्शियमही त्याबरोबर वाढवायचं, नाहीतर आलेलं डी वाया जातं. पुन्हा तपासणी साधारण तीन महिन्यांनी. त्याआधी केली तर पैसे फुकट.

आणि आकडा भरला, तीन-चार महिने झाले, तरी दुखणं तसंच असेल, तर आणखी पाकिटं आणू नका. थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन, साखरेमुळे बिघडलेल्या नसा, सूज आणणारा खरा संधिवात, सांधेझीज, मोडलेली झोप, उदासी यांची तपासणी राहिली असेल तर ती करून घ्या. सांधेझीज आणि साध्या कंबरदुखीत नेमाने केलेल्या व्यायामाचा उपयोग डीपेक्षा कितीतरी चांगल्या पुराव्याने दिसला आहे. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, विनाकारण घटणारं वजन, पायातली ताकद जाणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं यांपैकी काही असेल, तर डीचा रिपोर्ट येईपर्यंतही थांबू नका.